सावल्यांना भाषा देणारा छायालेखक : जोसेफ विर्शिंग

चित्रपटाच्या इतिहासात नट-नट्यांची, संगीतकारांची आणि फार तर दिग्दर्शकांची नावे रसिकांच्या ओठांवर राहतात. छायालेखकाचे नाव श्रेयनामावलीत क्षणभर झळकते आणि पुढच्याच क्षणी विस्मृतीत जाते. १९४९ साली प्रदर्शित झालेल्या 'महल'मधील मधुबालाचा चेहरा आणि लता मंगेशकर यांचा स्वर पंचाहत्तर वर्षे उलटल्यानंतरही ताजा आहे. पण त्या चेहऱ्यावर अंधारातून हलकेच उतरणारा प्रकाश कोणाचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो प्रकाश जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाचा होता. युरोपातील भयपटांनी घडवलेली सावल्यांची भाषा त्यांनी मुंबईच्या मालाडमध्ये रुजवली. त्या भाषेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतात.

विर्शिंग यांचा जन्म १९०३ साली म्युनिक येथे झाला. त्यांची जडणघडण झाली तो काळ जर्मनीच्या दृष्टीने विलक्षण अस्वस्थतेचा होता. पहिल्या महायुद्धातील पराभव, घरोघरीचे मृत्यू आणि पैशाचे कोसळलेले मोल यांनी समाज पोखरला गेला होता. त्या मनःस्थितीतून जर्मन मूकपटाची एक वेगळीच शैली जन्माला आली. वाकडेतिकडे जिने, लांबच लांब सावल्या आणि अर्धवट उजळलेले चेहरे हे तिचे विशेष. १९२० साली 'डॉ. कॅलिगारी'चा चित्रपट आला आणि १९२२ साली फ्रीडरिश मुर्नाव यांचा 'नॉस्फेराटू' पडद्यावर झळकला.

रक्तपिपासूचे सौंदर्य

'नॉस्फेराटू' हा ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून, मात्र रीतसर परवानगी न घेता काढलेला चित्रपट होता. स्टोकर यांच्या पत्नीने न्यायालयात धाव घेतली आणि १९२५ साली त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती वाचल्या म्हणूनच तो आज पाहता येतो. जिन्याच्या भिंतीवरून पुढे सरकणारी पिशाचाची सावली हे त्यातील दृश्य पुढे शेकडो चित्रपटांनी उचलले. उगवत्या सूर्याच्या किरणांनी रक्तपिपासू नष्ट होतो, ही आज सर्वांना परिचित असलेली कल्पनाही मूळ कादंबरीतील नव्हे. ती या चित्रपटाने रूढ केली. जिथे प्रकाशच मृत्यू ठरतो, तिथे छायालेखक हा जणू कथेचा सहलेखकच होतो.

या परंपरेचे आकर्षण येथेच आहे. तिच्यात भीतीपेक्षा वातावरणाला महत्त्व आहे. मात्र तिचा दोषही त्याच ठिकाणी दडलेला आहे. कार्ल ड्रायर यांचा 'व्हॅम्पायर' (१९३२) धूसर, स्वप्नवत दृश्यांसाठी आज नावाजला जातो. परंतु त्याची कथा हाताला लागत नाही, अशी तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. पुढील दशकांत इंग्लंड, इटली आणि फ्रान्समध्ये याच धर्तीच्या चित्रपटांची रांग लागली. जुने किल्ले, मखमली झगे, मेणबत्त्या आणि सुंदर स्त्रियांचे निस्तेज चेहरे यांची आरास वाढत गेली. माणसे मात्र त्या आराशीत हरवली. बळी पडणारी व्यक्ती कोण, तिचे दुःख कोणते, हे समजलेच नाही, तर तिच्या मानेवरचे दात केवळ चित्रासारखे सुंदर दिसतात. काळजाला भिडत नाहीत.

मराठी मनाला हा रक्तपिपासू तसा परकाच होता. नारायण धारप यांनी 'लुचाई'सारख्या कादंबरीतून त्याला मराठी घरात आणले, ते बरेच पुढे. पाटणसारख्या सह्याद्रीच्या कुशीतील तालुक्यापासून कोकणाच्या किनाऱ्यापर्यंत सांगितली जाणारी भुते वेगळी आहेत. मुंजा, हडळ, खवीस यांना शवपेटी नाही आणि किल्लाही नाही. त्यांची काहीतरी वासना मागे राहिलेली असते. आपल्याकडचे भूत रक्तासाठी जितके येते, त्याहून अधिक अपुऱ्या राहिलेल्या इच्छेसाठी येते. हा फरक लक्षात घेतला, म्हणजे विर्शिंग यांनी पुढे काय साधले ते कळते.

म्युनिक ते मालाड

विर्शिंग म्युनिकच्या 'एमेल्का' या चित्रपटसंस्थेत तयार झाले. याच संस्थेने हिमांशू राय यांच्या सहकार्याने गौतम बुद्धाच्या जीवनावरील 'प्रेम संन्यास' हा मूकपट निर्माण केला. त्याच्या चित्रीकरणासाठी दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्यासमवेत १९२५ साली जे जर्मन पथक भारतात आले, त्यात बावीस वर्षांचे विर्शिंग होते. जर्मनीतील स्टुडिओत दिव्यांनी निर्माण केलेला प्रकाश एकीकडे आणि भारतातील रखरखीत ऊन दुसरीकडे, अशा दोन टोकांचा अनुभव त्यांनी ऐन उमेदीत घेतला.

१९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला 'बॉम्बे टॉकीज'ची स्थापना केली आणि विर्शिंग पुन्हा भारतात आले. दिग्दर्शक ऑस्टेन, नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेटी आणि रसायनशाळेचे विल्हेल्म झोले हे त्यांचे जर्मन सहकारी होते. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्यात 'प्रभात'चा 'अमृतमंथन' प्रदर्शित झाला. १९३३ साली जर्मनीचा दौरा करून आलेल्या व्ही. शांताराम यांनी त्यात अंधार, मशाली आणि राजगुरूच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे निकटदृश्य यांचा प्रभावी वापर केला. या चित्रपटाचा आधार होती 'भाग्यश्री' ही कादंबरी. तिचे लेखक नारायण हरी आपटे हे सांगली जिल्ह्यातील समडोळीत जन्मलेले आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव ही कर्मभूमी मानणारे. नरबळीला बंदी घालणारा राजा आणि त्यामुळे खवळलेला धर्मगुरू यांची ती कथा. जर्मन धाटणीच्या अंधाराला येथे मराठी लेखकाने आशय पुरवला होता. प्रेक्षकांना तो डोळा भयंकर वाटला, कारण त्यामागची सत्तेची हाव त्यांना कळत होती.

मालाडमध्ये विर्शिंग हेच काम अधिक मृदू हाताने करीत होते. 'जवानी की हवा' (१९३५) या पहिल्याच चित्रपटात खुनाचे रहस्य होते. त्यानंतर १९३६ साली 'अछूत कन्या' आला. रेल्वे फाटकावरील पहारेकऱ्याची अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण तरुण यांच्या प्रेमाची ही कहाणी. त्यात पिशाच नव्हते, परंतु एका मुलीचा जीव घेणारी समाजव्यवस्था होती. देविका राणी यांच्या चेहऱ्यावर पसरलेला मऊ प्रकाश आणि भोवती दाटत जाणारी सावली, एवढ्यातून विर्शिंग यांनी ती कोंडी दाखवली. ऑस्टेन यांना हिंदी येत नव्हते आणि चित्रपट तर हिंदीत निघत होते. अशा वेळी प्रकाशाची भाषा किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना करता येते.

छावणीतील वर्षे

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांची धरपकड केली. अहमदनगर, देवळाली, डेहराडून येथे त्यांच्यासाठी छावण्या होत्या. काही जर्मन कुटुंबांना पुरंदर आणि सातारा येथे ठेवण्यात आले. बॉम्बे टॉकीजचा जर्मन विभाग एका फटक्यात कोलमडला. ऑस्टेन मायदेशी परतले. विर्शिंग स्थानबद्ध झाले. १९४० साली हिमांशू राय यांचे निधन झाले. ज्या माणसाने हिंदी पडद्याला नवे रूप दिले, त्याच्या ऐन भरातील वर्षांत त्याच्या हाती कॅमेरा नव्हता.

तरीही त्यांनी लावलेले रोप वाढत होते. बॉम्बे टॉकीजमध्ये जर्मन तंत्रज्ञांच्या हाताखाली भारतीय तरुण शिकत असत. त्यांतील आर. डी. परीन्जा यांनी १९४३ सालच्या 'किस्मत'चे छायालेखन केले आणि त्या चित्रपटाने लोकप्रियतेचे विक्रम मोडले. युद्ध संपले, सुटका झाली. मायदेशी परतण्याचा मार्ग मोकळा असताना विर्शिंग यांनी मुंबईतच राहून काम करणे पसंत केले.

'महल'चे यश आणि त्याची मर्यादा

'महल' हा कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. नायक अशोककुमार, नायिका अवघी सोळा वर्षांची मधुबाला, संगीतकार खेमचंद प्रकाश, संकलक बिमल रॉय. नदीकाठचा ओसाड वाडा, भिंतीवर नायकासारखाच दिसणाऱ्या पूर्वीच्या मालकाचे चित्र, रात्री दोनचे ठोके देणारे घड्याळ आणि दुरून येणारा गाण्याचा स्वर, असा सारा थाट युरोपीय भयपटाचा होता. विर्शिंग यांनी वाडा पूर्ण उजळलाच नाही. चौकट, झोपाळा, चेहऱ्याची एक बाजू एवढेच दाखवायचे आणि उरलेले प्रेक्षकाच्या मनावर सोपवायचे, हे त्यांचे तंत्र. गाण्याच्या ध्वनिमुद्रणातही हीच युक्ती होती. स्वर दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून लताबाईंना ध्वनिक्षेपकाकडे हळूहळू चालत येत गायला सांगण्यात आले होते. आवाज अंधारातून पुढे येतो, चेहराही तसाच पुढे येतो.

पण हा चित्रपट टिकला तो केवळ या थाटामुळे नव्हे. त्यातील स्त्री रक्त मागत नाही, ती वाट पाहते. जर्मन सावलीला येथे आपल्याकडच्या अतृप्त इच्छेची जोड मिळाली. नायकाची पत्नी रंजना हिचे दुःख तर त्याहून मोठे आहे. वटवाघळांच्या सोबतीने एका पडक्या घरात दिवस कंठणारी, पतीच्या नजरेलाही पारखी झालेली ही स्त्री म्हणजे या कथेतील खरा बळी होय. तिचे जीवन शोषले जाते ते पिशाचाकडून नव्हे, पतीच्या वेडाकडून.

दोषही मान्य केले पाहिजेत. शेवटी भुताचा उलगडा होतो, ती वाड्याच्या माळ्याची मुलगी निघते, न्यायालयातील लांबलचक प्रसंग येतात आणि गूढ विरून जाते. कथेच्या दुव्यांत कच्चेपणा आहे. अनेक ठिकाणी दृश्याचे सौंदर्य कथानकाची उणीव झाकते. युरोपीय रक्तपिपासूपटांवर घेतला जाणारा आक्षेप 'महल'लाही काही अंशी लागू पडतो. पुढच्या काळात या शैलीचे बाह्यरूप तेवढे उचलले गेले. महाबळेश्वरात चित्रित झालेल्या 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून 'बंद दरवाजा' (१९९०) पर्यंतच्या रामसे बंधूंच्या भयपटांनी धुके, वाडे आणि थडगी भरपूर दिली, प्रेक्षकांची करमणूकही केली. परंतु 'महल'मधील हुरहुर त्यांत क्वचितच आढळते.

अखेरचे पर्व

बॉम्बे टॉकीज बंद पडल्यावर विर्शिंग यांनी अमरोही यांच्या संस्थेसाठी काम केले. १९६० साली 'दिल अपना और प्रीत पराई' आला. त्यानंतर 'पाकिझा'ची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आयुष्यभर काळ्या-पांढऱ्या छटांत रमलेल्या या कलावंताला येथे रंग आणि रुंद पडदा लाभला. कोठ्यांच्या रांगा, कारंजी, झुंबरे आणि त्यांच्या मधोमध एकाकी मीनाकुमारी. पुन्हा तोच विषय होता : देखण्या आराशीत कोंडलेला जीव. मात्र अमरोही आणि मीनाकुमारी विभक्त झाल्याने १९६४ साली चित्रीकरण थांबले. ते पुन्हा सुरू होण्यापूर्वीच, १९६७ साली विर्शिंग यांचे निधन झाले. उरलेले चित्रण इतर छायालेखकांनी पूर्ण केले. फेब्रुवारी १९७२ मध्ये 'पाकिझा' प्रदर्शित झाला, तेव्हा तो पाहायला विर्शिंग नव्हते आणि संगीतकार गुलाम मोहम्मदही नव्हते. पुढच्याच महिन्यात मीनाकुमारी यांनीही जगाचा निरोप घेतला.

विर्शिंग यांनी चित्रीकरणाच्या धामधुमीत स्वतःच्या कॅमेऱ्याने हजारो छायाचित्रे टिपून ठेवली होती. कुटुंबीयांनी ती जपली. २०१७ साली गोव्यात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा दिवे उचलणारे कामगार, रंगभूषेला बसलेल्या अभिनेत्री आणि मालाडच्या आवारातील तरुण तंत्रज्ञ प्रथमच मोठ्या संख्येने रसिकांसमोर आले. आपले बरेच जुने चित्रपट नष्ट झाले असताना हा ठेवा मोलाचा ठरतो.

परदेशातून आलेली शैली उसनी घेणे सोपे असते. तिच्यात इथले दुःख ओतणे अवघड. विर्शिंग यांनी प्रकाश आणि सावली दिली, इथल्या लेखकांनी आणि कलावंतांनी त्यात माणूस उभा केला. जेव्हा ही जोडी जमली, तेव्हा 'अछूत कन्या' आणि 'महल' घडले. जिथे ती तुटली, तिथे केवळ देखणा अंधार उरला. आजचे भयपट संगणकाच्या साह्याने हवी तशी सावली निर्माण करू शकतात. त्या सावलीत उभे असलेले माणूस कोण, हा प्रश्न मात्र संगणक सोडवत नाही. तो सोडवू पाहणाऱ्या प्रत्येक तरुण छायालेखकाने मालाडच्या या जर्मन कलावंताचे काम एकदा तरी नीट पाहायला हवे.