अज्जमाड बोपय्या देवय्या

म्हैसूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांत कोडगू हा डोंगराळ जिल्हा वसलेला आहे. तेथील कोडव समाजात व्यक्तीच्या नावाआधी कुळाचे नाव येते, आणि भातलावणीची कामे आटोपल्यावर शस्त्रपूजेचा सण साजरा होतो. जनरल करिअप्पा व जनरल तिमय्या हे दोन भारतीय सेनाप्रमुख याच भूमीतले. अज्जमाड कुळातील बोपय्या यांचे पुत्र देवय्या यांचा जन्म २४ डिसेंबर १९३२ रोजी झाला. १९५४ साली ते भारतीय विमानदलात वैमानिक म्हणून दाखल झाले. दोन वर्षांनी कोडगू म्हैसूर राज्यात विलीन झाला. पुढे देवय्या यांनी नव्या वैमानिकांना शिक्षण देण्याचे कार्य केले. १९६५ च्या भारत-पाक युद्धाच्या वेळी स्क्वाड्रन लीडर देवय्या विमानदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनमध्ये होते.

या स्क्वाड्रनकडे फ्रेंच बनावटीची मिस्तेर विमाने होती. भारताने अशी शंभराहून अधिक विमाने १९५७ पासून घेतली. मागे झुकलेले पंख, एकच जेट इंजिन, ३० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि पंखांखाली बाँब वा अग्निबाण अशी त्याची रचना होती. जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करणे हे त्याचे मुख्य काम. उलट, पाकिस्तानकडील अमेरिकन स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे होते. मात्र त्याचे आखूड, पातळ पंख वेगासाठी योजलेले असल्याने त्याला चटकन वळता येत नसे.

७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांच्या नेतृत्वाखाली मिस्तेर विमाने पंजाबातील आदमपूरहून पाकिस्तानच्या सरगोधा तळावर चालून गेली. देवय्या यांची नेमणूक केवळ राखीव वैमानिक म्हणून होती. तरीही ते या मोहिमेत गेले. हल्ला करून विमाने परतत असताना फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या स्टारफायटरने देवय्या यांना गाठले व त्यांच्या विमानावर मारा केला. शत्रूचे विमान निकामी झाले, असा हुसेन यांचा समज झाला. परंतु जायबंदी विमान सावरून देवय्या उलटून लढले. जमिनीलगतच्या, वळणावळणाच्या त्या झुंजीत वेगाचा लाभ उरला नाही. मिस्तेरच्या तोफांनी स्टारफायटरचा वेध घेतला. हुसेन हवाई छत्रीच्या साहाय्याने बचावले. देवय्या परतले नाहीत.

ही झुंज त्यांच्या सहकाऱ्यांपैकी कोणीही पाहिली नव्हती. इंधन मोजकेच असल्याने इतर विमाने पुढे निघून गेली होती. देवय्या यांची नोंद बेपत्ता म्हणून झाली. पत्नी सुंदरी यांच्या वाट्याला पती कसा गेला हे न कळताच काढायची वर्षे आली. ज्याने हे सांगावे असा साक्षीदार सीमेपलीकडे होता, आणि तो प्रतिपक्षाचा होता.

१९७९ मध्ये जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाने पाकिस्तानी विमानदलाच्या सहकार्याने लिहिलेला या हवाई युद्धाचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात एका मिस्तेरने स्टारफायटर पाडल्याचा वृत्तांत होता. तो वाचून तनेजा यांनी मोहिमेतील विमानांचा हिशेब पुन्हा मांडला. ते विमान देवय्या यांचेच असल्याची त्यांची खात्री झाली व त्यांनी विमानदलाकडे तसा पाठपुरावा केला. १९८८ मध्ये, घटनेनंतर २३ वर्षांनी, देवय्या यांना मरणोत्तर महावीर चक्र प्रदान करण्यात आले व ते सुंदरी यांनी स्वीकारले. तोवर मिस्तेर विमानेही सेवेतून निवृत्त झाली होती.

वीरचरित्रे बहुधा स्वपक्षाच्या स्मृतीतून घडतात. देवय्या यांचे चरित्र मात्र ज्याच्याशी ते लढले त्याच्या कथनावाचून पूर्ण झाले नसते. कोडगूत मडिकेरी येथे आज त्यांचा पुतळा उभा आहे. त्यामागील इतिहासाचा निर्णायक दुवा शत्रुपक्षाच्या नोंदीतून मिळालेला आहे.