थिओडोर वेल आणि टेबलावरचे दोन फोन

टेलिफोन म्हटलं की बेल आठवतो. मला मात्र थिओडोर वेल जास्त भावतो. जन्म १८४५, ओहायो. आधी तारमास्तर, मग रेल्वे टपाल खात्यात साहेब, १८७८ मध्ये बेल कंपनीचा जनरल मॅनेजर, १८८५ मध्ये 'एटी अँड टी'चा पहिला अध्यक्ष. दोन वर्षांत राजीनामा. पुढे अर्जेंटिनात वीज आणि ट्रामचा धंदा.

इकडे १८९३-९४ मध्ये बेलची पेटंटं संपली आणि गावोगावी छोट्या टेलिफोन कंपन्या निघाल्या. बेल कंपनी त्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांना जोडूच देईना. एका गावात दोन एक्सचेंज, दुकानदाराच्या टेबलावर दोन फोन! आमच्या चारठाण्यात लोक दोन कंपन्यांची सिमकार्डं बाळगायचे, कारण आपल्याच कंपनीच्या नंबरवर बोलणं स्वस्त पडायचं. तसलाच प्रकार.

१९०७ मध्ये वेल पुन्हा अध्यक्ष झाला. साऱ्या देशाचं एकच जाळं हवं, हे त्याचं वेड. विचार इंजिनिअरला पटणारा, पण रीत सावकाराची : छोट्या कंपन्या विकत घ्यायच्या. १९०९ मध्ये वेस्टर्न युनियन या तार कंपनीचाही ताबा घेतला. १९१३ मध्ये सरकारने मक्तेदारीचा खटला भरला, तेव्हा डिसेंबरात उपाध्यक्ष किंग्जबरीने सरकारला लेखी कबुली दिली : वेस्टर्न युनियन सोडू, प्रतिस्पर्धी गिळणार नाही, छोट्यांना लांब पल्ल्याच्या तारा वापरू देऊ. मात्र अशा कॉलला १० सेंट जादा! आणि गावातल्या गावात जोडणी नाहीच.

वेल १९२० मध्ये वारला. आपल्याकडेही दुसऱ्या कंपनीचा कॉल पोचवायला शुल्क होतं. कंपन्या ते एकमेकींना देत, पण बसायचं आपल्याच खिशावर. मोबाईलसाठी 'ट्राय'ने ते २०१७ मध्ये मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैसे केलं आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.