अब्बास तय्यबजी : ७६ व्या वर्षी तुरुंगात गेलेले जज्जसाहेब

मिठाच्या सत्याग्रहाचं नाव काढलं की दांडीचे गांधीजी आठवतात, फार तर धारासण्याच्या सरोजिनी नायडू. पण गांधीजींना पकडल्यानंतर आणि सरोजिनीबाईंच्या आधी त्या सत्याग्रहाची सूत्रं एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्या माणसाकडे होती. ते म्हणजे अब्बास तय्यबजी. आपल्या घरांतल्या मुलांना हे नाव सांगितलं तर बहुतेक जण विचारतील, हे कोण?

त्यांचा जन्म १८५४ सालचा, खंभातचा. खानदान सुलेमानी बोहरा, मुंबईतलं नावाजलेलं. चाचा बद्रुद्दीन तय्यबजी म्हणजे मुंबईचे पहिले मुस्लिम बॅरिस्टर आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. पुढे अब्बाससाहेबांचा निकाह झाला तो याच चाचांच्या मुलीशी, अमीनाबेगम यांच्याशी. लहानपणीच त्यांना शिकायला विलायतेला पाठवलं होतं. बॅरिस्टर होऊनच ते परतले आणि बडोदा संस्थानात नोकरीला लागले. सयाजीराव गायकवाडांचं राज्य, दरबारात मराठी माणसांची वर्दळ. तिथल्या हायकोर्टाचे ते मुख्य न्यायाधीश झाले. राहणी पक्की साहेबी, आणि इंग्रजांबद्दल मनात आदर. खरं सांगायचं तर तोवर त्यांच्यात बंडखोर असं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र घरात आधीपासून होती, ती म्हणजे मुलींचं शिक्षण. ज्या काळात शरीफ खानदानातल्या मुलींनी उंबरठा ओलांडणं मुश्कील होतं, त्या काळात तय्यबजींच्या लेकी शिकत होत्या, बोलत होत्या, घराबाहेर पडत होत्या. सगळ्या बिरादरीला हे आवडत होतं असं नाही. अब्बाससाहेब मागे हटले नाहीत.

मग १९१९ आलं. जालियनवाला बागेत गोळीबार झाला आणि काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली. गांधीजी, चित्तरंजन दास, मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आणि अब्बास तय्यबजी, या चौघांनी अहवाल तयार केला. १७०० हून जास्त साक्षीदार तपासले गेले. विचार करा, उभा जन्म न्यायाच्या खुर्चीवर घालवलेला माणूस. ज्या सरकारच्या इन्साफवर त्याने भरवसा ठेवला, त्याच सरकारच्या गोळ्यांनी मेलेल्यांच्या घरच्यांचे बयान तो ऐकत होता. त्या ऐकण्याने ते मुळापासून बदलले. वय होतं ६५.

विलायती कपडे जाळले, खादी अंगावर आली. फर्स्ट क्लासचा माणूस रेल्वेच्या थर्ड क्लासमध्ये बसू लागला, धर्मशाळेत जमिनीवर झोपू लागला, खेडोपाडी खादी विकत फिरू लागला. पेन्शन घेऊन नातवंडांत रमायचं वय ते. पण यात मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच बाजू. घरदार सोडून देशसेवेला गेलेले पुष्कळ झाले, त्यांच्या बायकामुलांचं काय झालं ते कोणी लिहिलं नाही. अब्बाससाहेब घर सोडून गेले नाहीत. घरच त्यांच्याबरोबर आलं. अमीनाबेगमनी खादी घेतली आणि १९३० मध्ये गुजरातच्या बायकांनी दारूच्या दुकानांवर निदर्शनं सुरू केली तेव्हा त्या पुढे होत्या.

त्याच साली ५ मे रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पोलिसांनी गांधीजींना उचललं. आपल्यानंतर नेतृत्व कोणी करायचं ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. ७६ वर्षांचे अब्बाससाहेब, सोबत कस्तुरबा, आणि मागे स्वयंसेवकांची रांग, असे ते धारासण्याच्या मिठागराकडे निघाले. १२ मे ला अटक झाली, तीन महिन्यांची कैद. पूर्वी ज्यांच्या कोर्टात आरोपी उभे राहायचे ते आता स्वतः आरोपी. धारासण्यावर लाठ्या पडल्या त्या २१ मे ला, तेव्हा ते गजाआड होते.

म्हणून ते कायम गंभीर चेहऱ्याचे होते असं समजू नका. गांधीजींची आणि त्यांची गंमत चालायची. सलाम-नमस्ते बाजूला ठेवून दोघं एकमेकांना ‘भर्रर्र’ असा आवाज करायचे. पत्रांतसुद्धा तेच!

९ जून १९३६ ला मसुरीला त्यांचं इंतकाल झालं. वय ८२. गुजरातचे थोर बुजुर्ग म्हणून गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं.

मुलींनी आपापल्या वाटा धरल्या. शरीफा हमीद अली अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. मुस्लिम बायकांचे हक्क निकाहाच्या वेळीच लिखापढीत यावेत म्हणून त्यांनी निकाहनाम्याचा एक नमुना तयार केला. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिला आयोगावर त्या भारतातर्फे होत्या. रेहाना भजनं गायच्या, कृष्णभक्तीवर लिहायच्या. आपल्यातल्या अनेकांना ते पटणार नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. पण वडिलांनी या लेकीलाही दूर केलं नाही. सुहैला यांचं लग्न अलीगढच्या प्रा. मोहम्मद हबीब यांच्याशी झालं. त्यांचा मुलगा इरफान १९३१ मध्ये जन्मला तो बडोद्यातच. नाना गेले तेव्हा पुढचा हा मोठा इतिहासकार पाच वर्षांचाही नव्हता.