विश्लेषण : डॉक्टरांना हात धुवायला लावणारे सेमेलवाइस कोण होते?

रुग्णालयात जडणारा संसर्ग रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हात स्वच्छ ठेवणे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे सांगणाऱ्या डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांना मात्र नोकरी गमवावी लागली आणि त्यांचा शेवट मनोरुग्णालयात झाला.

एकाच रुग्णालयात दोन न्याय का?

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. कायदा शिकायला ते व्हिएन्नाला गेले, पण वळले वैद्यकाकडे. १८४६ मध्ये तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूती विभागात ते सहायक झाले. या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करत, तर दुसऱ्या विभागात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरातील ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्या विभागात तीनहून कमी. कारण एकच, बाळंतज्वर. दोन्हीकडे आळीपाळीने, ठरावीक दिवशी भरती होई. पहिल्या विभागाची पाळी आली, की बायका तिथे न नेण्यासाठी विनवण्या करत.

उत्तर कसे सापडले?

दूषित हवा आणि गर्दी अशी कारणे तेव्हा सांगितली जात. पण हवा दोन्ही विभागांत सारखीच होती आणि गर्दी उलट दुसऱ्या विभागात जास्त होती. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे सहकारी प्रा. याकोब कोलेचका यांना शवविच्छेदनावेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली. त्यांचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात बाळंतज्वरासारख्याच खुणा आढळल्या. मग कोडे उलगडले. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत, सुईणी मात्र शवांना हात लावत नसत. म्हणजे मृत्यू डॉक्टरांच्या हातांवरूनच येत होता.

उपाय काय केला?

साबणाने हात धुऊनही शवाचा वास जात नसे. म्हणून मे १८४७ पासून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये मृत्युदर १८ टक्के होता, जूनपासून तो दोन टक्क्यांच्या आसपास आला. १८४८ मध्ये तर दोन महिने एकही बाळंतीण दगावली नाही. सडक्या जखमेचा स्राव हातावरून पसरूनही हा ज्वर होतो, हे लक्षात आल्यावर प्रत्येक रुग्णानंतर हात धुण्याचा नियम आला.

तरीही विरोध का झाला?

रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य झालेला नव्हता, त्यामुळे हात धुण्याने नेमके काय जाते हे सेमेलवाइस यांना दाखवता येत नव्हते. शिवाय आपल्याच हातून माता दगावल्या, हे मान्य करणे डॉक्टरांना जड होते. सेमेलवाइस यांनीही सविस्तर ग्रंथ लिहायला १८६१ साल उजाडू दिले आणि नंतर टीकाकारांना जळजळीत खुली पत्रे लिहून विरोधक वाढवले. व्हिएन्नातील नेमणूक १८४९ मध्येच संपली होती. मायदेशी पेस्टच्या रुग्णालयात त्यांनी सहा वर्षांत मृत्युदर एक टक्क्याच्या खाली राखला, पण युरोप बधला नाही.

शेवट कसा झाला?

मानसिक प्रकृती ढासळल्याने जुलै १८६५ अखेरीस त्यांना व्हिएन्नातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तिथे त्यांना मारहाण झाल्याचे मानले जाते. जखम चिघळून रक्तात विष पसरले आणि १३ ऑगस्टला, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती. जंतुनाशक शस्त्रक्रियेची ती सुरुवात ठरली.

आज त्याचे काय?

बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला आज सेमेलवाइस यांचे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी ५ मे रोजी हातांच्या स्वच्छतेचा दिवस पाळते. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करणे हा तिच्या नियमांचा गाभा आहे. हा नियम डॉक्टर-परिचारिकांइतकाच रुग्णाला भेटायला जाणाऱ्या नातेवाईकांनाही लागू होतो. वॉर्डाच्या दारातील सॅनिटायझरची बाटली त्यासाठीच असते.