उष्णतेला आकडा देणारा फॅरनहाइट

तुमच्या अंगात ताप आला की अम्मी आधी कपाळाला हात लावून पाहते. अंग गरम आहे, एवढे हाताला कळते; पण किती गरम आहे, ते कळत नाही. त्याच वेळी अब्बा उन्हातून घरी आले आणि त्यांनी हात लावला, तर त्यांना तेच कपाळ फारसे गरम वाटणार नाही. हाताची साक्ष अशी कच्ची असते. म्हणून डॉक्टर थर्मामीटर लावतात आणि ताप १०२ आहे, असे सांगतात. हा १०२ कोणत्या मापातला? फॅरनहाइट मापातला. शहराचे तापमान बातम्यांत सेल्सिअस अंशांत सांगतात. पण ताप मात्र आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून फॅरनहाइटमध्येच मोजतात. फॅरनहाइट हे एका माणसाचे नाव आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आज आपण त्या माणसाची हकिगत वाचणार आहोत.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट याचा जन्म २४ मे १६८६ रोजी डॅन्झिग या शहरात झाला. बाल्टिक समुद्राच्या काठावरचे हे मोठे व्यापारी बंदर. आज ते पोलंड देशात आहे आणि त्याला ग्दान्स्क म्हणतात. गॅब्रिएलचे वडील व्यापारी होते. घर खाऊनपिऊन सुखी होते आणि गॅब्रिएल भावंडांत थोरला होता. पण १४ ऑगस्ट १७०१ या एकाच दिवशी त्याचे आईवडील दोघेही मरण पावले. त्यांच्या खाण्यात विषारी अळंबी आली होती. त्या वेळी गॅब्रिएल पंधरा वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याच वयाचा.

मुलांसाठी पालक नेमण्यात आले. त्यांनी धाकट्या भावंडांची सोय इतर घरांत लावली आणि गॅब्रिएलला हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरी एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला पाठवले. त्याने हिशेब शिकावा, मालाची पारख शिकावी आणि वडिलांसारखे व्यापारी व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. गॅब्रिएलने चार वर्षे हे काम केले; पण त्याचे मन वहीखात्यात रमले नाही. ॲम्स्टरडॅममध्ये काचेची उपकरणे बनवणारे कसबी कारागीर होते. हवेचा दाब मोजणारे वायुदाबमापी, उष्णता दाखवणारे तापमापी अशा वस्तू तेथे तयार होत. त्या पाहून हा मुलगा वेडावला. उमेदवारी संपताच त्याने व्यापार सोडला आणि उपकरणांच्या नादी लागला.

या नादाला पैसा लागतो. वारशाची रक्कम अजून हातात आली नव्हती, म्हणून तिच्या भरवशावर त्याने कर्ज काढले. हे कर्ज पालकांच्या गळ्यात येऊ लागले. ते चिडले. या पोराला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढवावे आणि दूर पूर्वेकडच्या बेटांवर पाठवून द्यावे, अशी त्यांनी खटपट केली. १७०७ साली त्याला पकडण्याचा हुकूमही निघाला. पालकांना फार दोष देता येणार नाही. काचेच्या नळ्यांमागे धावणारा मुलगा पुढे काय करणार आहे, हे त्यांना कसे कळावे? त्या काळी अशा जहाजावर चढलेल्यांपैकी पुष्कळ जण परत येत नसत. गॅब्रिएल त्या वेळी एका जागी राहत नव्हता. गावोगाव फिरून तो शास्त्रज्ञांना भेटत होता आणि कारागिरांकडून काम शिकत होता.

या भटकंतीत तो १७०८ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरी पोहोचला. तेथे ओले रोमर हा मोठा खगोलशास्त्रज्ञ राहत होता. प्रकाशालाही एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला वेळ लागतो, हे १६७६ साली दाखवून देणारा तो हाच रोमर. फॅरनहाइट एके सकाळी त्याच्या घरी गेला, तेव्हा रोमर काही तापमापी वितळत्या बर्फाच्या पाण्यात ठेवून त्यांच्यावर खुणा करत होता. नंतर तेच तापमापी त्याने अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात ठेवले आणि पुन्हा खुणा केल्या. बावीस वर्षांच्या फॅरनहाइटने हे सारे बारकाईने पाहिले. त्याच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज या भेटीत आहे, असे मला वाटते.

त्या खुणांना एवढे महत्त्व का, ते समजून घेऊ.

उष्णता मिळाली की बहुतेक पदार्थ पसरतात, म्हणजे त्यांचे प्रसरण होते. थंड झाले की ते आकसतात, म्हणजे त्यांचे आकुंचन होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी लालभडक तापवतो. तापलेली धाव मोठी होते आणि चाकावर सहज बसते. मग तिच्यावर पाणी ओतले की ती आकसून चाकाला घट्ट आवळते. द्रव पदार्थही असेच पसरतात. काचेच्या लहानशा फुग्यात द्रव भरला आणि त्या फुग्याला केसासारखी बारीक नळी जोडली, तर उष्णतेने पसरलेल्या द्रवाला नळीत वर चढण्यावाचून दुसरी वाट नसते. तापमापीचे सारे रहस्य एवढेच आहे.

हे रहस्य फॅरनहाइटच्या आधीही माहीत होते. इटलीत गॅलिलिओने हवेच्या प्रसरणावर चालणारे एक उपकरण केले होते. पुढे फ्लॉरेन्सच्या कारागिरांनी मद्यार्क भरलेल्या बंद नळ्या बनवल्या. अडचण वेगळीच होती. प्रत्येक कारागीर आपल्या मर्जीने खुणा करी. एकाच्या तापमापीवर दहा, तर दुसऱ्याच्या तापमापीवर त्याच खोलीत सतरा! पॅरिसच्या शास्त्रज्ञाने पाहिलेली उष्णता लंडनच्या शास्त्रज्ञाला समजण्याचा मार्गच नव्हता. प्रत्येक दुकानदाराचे शेर-मापटे वेगळे असते, तर बाजाराची जी दशा होईल, तीच त्या वेळी विज्ञानाची होती.

१७१४ साली फॅरनहाइटने जर्मनीतील हाले येथील विद्वान ख्रिस्तियान वोल्फ याला दोन तापमापी दिले. दोन्ही मद्यार्काचे होते. वोल्फने ते शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही तापमापी एकच अंश दाखवत होते! आज तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. वोल्फला मात्र इतके नवल वाटले की, त्याने त्यावर लेख लिहून तो छापला.

मग फॅरनहाइट मद्यार्क सोडून पाऱ्याकडे वळला. याला एक कारण घडले होते. फ्रान्सच्या आमोंतों नावाच्या शास्त्रज्ञाने पाणी नेहमी एका ठरावीक अंशावरच उकळते, असे लिहिले होते. हे वाचून फॅरनहाइटला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची ओढ लागली. पण मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतो. उकळत्या पाण्याची उष्णता मोजायला तो कसा चालावा? पारा सुमारे ३५७ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही आणि शून्याखाली सुमारे ३९ अंशांपर्यंत गोठत नाही. तो काचेला चिकटत नाही आणि चमकतो म्हणून स्पष्ट दिसतो. शिवाय तो बराच सारख्या प्रमाणात पसरतो.

पाऱ्यात एक उणीव होती. तो मद्यार्काच्या मानाने फार कमी पसरतो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, तर १००० घन मिलिमीटर पारा केवळ ०.१८ घन मिलिमीटरने वाढतो. एवढीशी वाढ डोळ्यांना दिसणार कशी? तिचे उत्तर नळीच्या बारीकपणात आहे. नळीच्या पोकळीचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मिलिमीटर असेल, तर तीच वाढ नळीत १.८ मिलिमीटर वर चढलेली दिसते. स्वतः भागाकार करून पाहा. अर्थात, काचेचा फुगाही थोडा पसरतो, म्हणून प्रत्यक्षात पारा याहून किंचित कमी चढतो. नळीची पोकळी खालपासून वरपर्यंत सारखी हवी आणि पारा निर्मळ हवा. फॅरनहाइटने पारा स्वच्छ करण्याची रीत बसवली. नळ्या फुंकण्याचे आणि निवडण्याचे काम तो स्वतः करी. शास्त्रज्ञाचे डोके आणि कारागिराचा हात एकाच माणसात असणे दुर्मीळ असते, आणि येथे ते जमून आले होते.

आता खुणांचा प्रश्न. रोमरच्या मोजपट्टीवर वितळत्या बर्फाला साडेसात आणि अंगाच्या उबेला साडेबावीस असे अंश होते. फॅरनहाइटला हे अपूर्णांक गैरसोयीचे वाटले. त्याने प्रत्येक अंशाचे चार भाग केले. त्यामुळे बर्फाला ३० आणि अंगाच्या उबेला ९० आले. पुढे त्याने ते आकडे बदलून ३२ आणि ९६ केले. या दोहोंत ६४ अंशांचे अंतर आहे. ६४ चे निम्मे ३२, त्याचे निम्मे १६, मग ८, ४, २ आणि १. नळीवरचे अंतर नुसते अर्धे अर्धे करत गेले की सगळे अंश आखून होतात. कारागिराला याहून सोपे काय हवे? शून्य त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाच्या थंडीला दिले. नवसागर म्हणजे तुमच्या उर्दूतील नौशादर.

१७१७ साली तो ॲम्स्टरडॅमला स्थायिक झाला. ज्या शहरातून हिशेबाचे काम सोडून निघाला होता, तेथेच त्याने उपकरणे बनवून विकण्याचा धंदा मांडला. रसायनशास्त्रावर तो व्याख्यानेही देऊ लागला.

मार्च १७२१ मध्ये त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. काचेच्या एका गोळ्यात त्याने पावसाचे पाणी भरले, आतली हवा काढून टाकली आणि गोळा बंद करून रात्रभर बाहेर ठेवला. थंडी कडाक्याची होती. तापमापी १५ अंश दाखवत होता. पाणी तर ३२ अंशांवरच गोठायला हवे. पण पहाटे पाहतो तो पाणी जसेच्या तसे पातळ! त्याने गोळ्याचे टोक मोडले आणि हवा आत शिरताच पाण्यात क्षणात बर्फाच्या सुया पसरल्या. पुढे असाच एक गोळा घेऊन जाताना जिन्यावर त्याचा पाय घसरला. गोळा हिंदकळला, आणि त्या धक्क्यानेच आतले पाणी गोठले. निवांत असलेले शुद्ध पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही काही वेळ द्रव राहू शकते, हे असे कळले. हातात भरवशाचा तापमापी नसता, तर हे कुणाच्या लक्षात आले असते?

पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाबरोबर बदलतो, हेही त्याने ओळखले. त्यावरून हवेचा दाब मोजता येईल, असे उपकरणही त्याने सुचवले.

एकदा मात्र त्याची गाठ अवघड प्रश्नाशी पडली. लायडन विद्यापीठातील प्रसिद्ध वैद्य बूरहाव्हे त्याचे तापमापी वापरत असे. त्याला दिसले की, पाऱ्याचा आणि मद्यार्काचा तापमापी सगळीकडे तंतोतंत जुळत नाहीत. फॅरनहाइटने याचा दोष निरनिराळ्या काचांना दिला. खरे कारण याहून खोल होते. मद्यार्क आणि पारा वाढत्या उष्णतेबरोबर अगदी एकसारख्या प्रमाणात पसरत नाहीत. दोन टोके जुळवली, तरी मधले अंश थोडे चुकतात. हा गुंता सोडवायला शास्त्रज्ञांना पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

१७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले. त्याच वर्षी त्याचे लॅटिन भाषेतील पाच निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. ज्याला पकडण्याचा हुकूम निघाला होता, त्याला हा मान मिळाला.

मान मिळाला, पैसा मात्र मिळाला नाही. हॉलंडची बरीच जमीन समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. तिच्यावरचे पाणी उपसून काढणारे एक यंत्र त्याने योजले होते. त्याचा हक्क मिळवण्यासाठी तो १७३६ साली हेग शहरी गेला आणि तेथेच आजारी पडला. १६ सप्टेंबर १७३६ रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याचे दफन गरिबांच्या यादीतल्या माणसासारखे झाले.

पुढे १७४२ साली स्वीडनच्या आंदेर्स सेल्सिअसने शंभर भागांची मोजपट्टी मांडली. गंमत अशी की, त्याने उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० दिले होते! ती मोजपट्टी नंतर उलटी करण्यात आली. फॅरनहाइटच्या मापातही थोडा फरक झाला. शास्त्रज्ञांनी बर्फाचे ३२ आणि उकळत्या पाण्याचे २१२ हे दोन बिंदू पक्के धरले. त्यामुळे अंगाच्या उबेचा आकडा ९६ वरून ९८.६ वर सरकला. आता पारा विषारी म्हणून त्याचे थर्मामीटरही मागे पडत आहेत. पण आकडा दाखवणाऱ्या नव्या उपकरणावरही तो ९८.६ टिकून आहे.

बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत फॅरनहाइटचे १८० अंश, तर सेल्सिअसचे १००. म्हणजे सेल्सिअसच्या आकड्याला ९ ने गुणून ५ ने भागावे आणि त्यात ३२ मिळवावेत, की फॅरनहाइटचा आकडा येतो. शून्याखाली ४० अंश सेल्सिअस घेऊन हे गणित करून पाहा. उत्तर काय येते?

फॅरनहाइटने आपल्या हातांनी बनवलेले तापमापी आज फारच थोडे शिल्लक आहेत. त्यांतील काही लायडन शहरातील संग्रहालयात ठेवले आहेत. त्या संग्रहालयाला बूरहाव्हे याचे नाव दिलेले आहे.