नकाशातला एक प्रश्न आणि ग्रीनलंडचा बर्फ : आल्फ्रेड वेगेनर यांची जीवनकथा



मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात जगाचा नकाशा लावला होता. एका मुलीने हात वर केला. दक्षिण अमेरिकेचा पुढे आलेला भाग आफ्रिकेच्या खोबणीत बरोबर बसेल असं दिसतंय, मग आधी ते एकच होते का, असं तिने विचारलं. मला घाई होती. योगायोग असेल गं, म्हणून मी पुढे गेले. तिने हात खाली घेतला. तो खाली गेलेला हात मला रात्रभर टोचत राहिला, कारण हाच प्रश्न एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी विचारला होता आणि त्यालाही जवळजवळ हेच उत्तर मिळालं होतं. आज त्याचीच गोष्ट.

बालपण आणि शिक्षण

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी जर्मनीतील बर्लिन येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि शाळेत प्राचीन भाषाही शिकवत. म्हणजे घर शिक्षकाचेच! पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटे. १९०५ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठातून खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पण दुर्बिणीजवळ बसून राहण्यात त्यांचे मन रमेना. त्यांना हवा, वारा, बर्फ यांची ओढ होती. म्हणून ते हवामानशास्त्राकडे वळले.

त्या काळी वरच्या हवेचा अभ्यास करायला उपग्रह नव्हते. पतंगांना आणि फुग्यांना उपकरणे बांधून वर सोडत. एप्रिल १९०६ मध्ये आल्फ्रेड आणि त्यांचे बंधू कुर्ट फुग्यात बसून सलग ५२ तासांहून अधिक काळ हवेत राहिले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता.

ग्रीनलंडची हाक

त्याच वर्षी डेन्मार्कच्या एका मोहिमेत त्यांना ग्रीनलंडला जायची संधी मिळाली. जगातले हे सर्वांत मोठे बेट, पण बहुतेक सगळे बर्फाखाली. तिथे त्यांनी हवामान केंद्र उभारले आणि दोन हिवाळे काढले. या मोहिमेचे प्रमुख आणि त्यांचे दोन सोबती बर्फातच मरण पावले. आपण कुठे आलो आहोत, हे पंचविशीतल्या वेगेनर यांना चांगलेच कळले. तरीही १९१२ मध्ये ते परत गेले.

या दुसऱ्या मोहिमेत फक्त चार माणसे आणि आइसलँडची तट्टे होती. ग्रीनलंडच्या आतल्या बर्फाच्या थरावर मुक्काम करून हिवाळा काढणारे हे पहिले लोक. मोहिमेचे प्रमुख कोख हे बर्फाच्या भेगेत पडले आणि त्यांचा पाय मोडला. उन्हाळा आल्यावर त्यांनी बेट आडवे पार केले. वाटेत एकेक करून सगळी तट्टे गेली, अन्न संपले, शेवटी सोबतचा कुत्राही मारून खावा लागला. पश्चिम किनाऱ्यावर एका पाद्र्याच्या नावेला ते दिसले म्हणून वाचले.

नकाशातला प्रश्न

या दोन मोहिमांच्या मधल्या काळात वेगेनर मारबुर्ग विद्यापीठात शिकवत होते. १९१० च्या नाताळात तिथल्या एका सहकाऱ्याला मोठा नकाशासंग्रह भेट मिळाला. तो चाळताना अटलांटिक महासागराचे दोन्ही किनारे एकमेकांत बसतात हे वेगेनर यांच्या लक्षात आले. तसे पाहिले तर हे आधीही काही जणांना दिसले होते. १५९६ मध्येच नकाशाकार ऑर्टेलियस यांनी त्याचा उल्लेख केला होता. मग वेगेनर यांनी वेगळे काय केले? पुढच्या वर्षी त्यांच्या वाचनात आले की समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच प्राण्याचे जीवाश्म सापडतात. तिथून त्यांनी पुरावे गोळा करायला सुरुवात केली.

आपल्याला वर्गात सांगता येतील असे त्यातले काही पुरावे बघा :

१. मेसोसॉरस हा गोड्या किंवा उथळ पाण्यात राहणारा लहानसा सरपटणारा प्राणी. त्याचे जीवाश्म ब्राझीलमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत सापडतात. एवढा अटलांटिक तो पोहून कसा जाणार?

२. ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वनस्पतीचे ठसे भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका इतक्या दूरदूरच्या ठिकाणी मिळतात.

३. समुद्राच्या एका बाजूला संपणारे खडकांचे थर दुसऱ्या बाजूला पुढे चालू होतात. फाटलेले वर्तमानपत्र जुळवल्यावर नुसत्या कडा नाही, तर छापलेल्या ओळीही जुळल्या, तर तो योगायोग कसा म्हणायचा?

४. ओडिशातील तालचेरसारख्या आज उष्ण असलेल्या भागात प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आहेत.

यातून त्यांनी मांडले की, एके काळी सगळी भूखंडे एकत्र होती आणि नंतर फुटून एकमेकांपासून दूर सरकली. या एकत्रित भूखंडाला आपण पँजिया म्हणतो. त्याच्या दक्षिण भागाचे नाव गोंडवाना. हे नाव मध्य भारतातल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून आलेले आहे आणि आपला पूर्व विदर्भही त्यातच येतो. चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा त्याच गोंडवाना काळातल्या वनस्पतींचा बनलेला आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्ट येथे भूशास्त्रज्ञांसमोर त्यांनी ही कल्पना प्रथम मांडली. पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. वेगेनर यांना सैन्यात जावे लागले आणि ते दोनदा जखमी झाले. दुखापतीच्या रजेत त्यांनी खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवर पुस्तक लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९२९ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी त्यांनी नव्या पुराव्यांची भर घातली.

विरोध का झाला?

बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ही कल्पना फेटाळली. हा तर हवामानाचा माणूस, याला खडकांतलं काय कळणार, असा सूर होता. १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये यावर परिषद झाली, तिथेही कडाडून टीका झाली.

पण एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळे टीकाकार काही आडमुठे नव्हते. एवढे प्रचंड भूखंड ढकलते कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे बरोबर उत्तर वेगेनर यांच्याकडे नव्हते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि भरती-ओहोटी घडवणाऱ्या ओढीमुळे भूखंड सरकत असावेत असे त्यांनी सुचवले. पण ही बले त्यासाठी फारच कमी पडतात. ग्रीनलंड युरोपापासून वर्षाला कित्येक मीटर दूर जाते, हा त्यांचा अंदाजही चुकला. म्हणजे काय घडले हे त्यांनी बरोबर ओळखले, पण कशामुळे घडले हे त्यांना सापडले नाही. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला हा भाग मुलांपासून लपवू नये. अर्धे उत्तर हातात असतानाही प्रश्न धरून ठेवता येतो, हे त्यातूनच कळते.

चंद्रावरचे खड्डे

वेगेनर यांची नजर पृथ्वीपुरतीच नव्हती. चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीमुळे झाले असे तेव्हा बहुतेकांना वाटे. वेगेनर यांनी सिमेंटच्या भुकटीवर सिमेंटच्याच भुकटीचे गोळे टाकून पाहिले. तसेच गोल, काठ उचललेले खड्डे तयार झाले. हे खड्डे आघाताने झाले आहेत, असे त्यांनी १९२१ मध्ये मांडले. आज तेच मान्य आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवरही अशाच आघाताने बनले आहे.

शेवटची मोहीम

१९२४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. पत्नी एल्झे आणि तीन मुली असा संसार होता. आता घरी बसले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण १९३० मध्ये ते पुन्हा ग्रीनलंडला निघाले, या वेळी मोहिमेचे प्रमुख म्हणून. वर्षभर हवामानाच्या नोंदी घ्यायच्या आणि स्फोटाच्या लहरी वापरून बर्फाची जाडी मोजायची, असे काम होते. त्यासाठी किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, ३००० मीटर उंचीवर एक केंद्र उभारले. त्याचे नाव आइसमिटे, म्हणजे बर्फाचा मध्य.

सुरुवातीलाच समुद्रातल्या बर्फाने पाच आठवड्यांहून अधिक वेळ खाल्ला. आतल्या केंद्रावर गेओर्गी आणि झोर्गे हे दोन सहकारी होते, पण त्यांच्यापर्यंत पुरेसे सामान पोचलेच नाही. ठरलेल्या तारखेपर्यंत सामान आले नाही तर आम्ही पायी परत निघतो, असा त्यांचा निरोप आला. त्या थंडीत पायी निघणे म्हणजे मरणच. म्हणून २१ सप्टेंबरला वेगेनर स्वतः निघाले. सोबत सहकारी ल्यॉवे, १३ ग्रीनलंडवासी आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या. वाटेत हवा बिघडत गेली आणि एकेक जण परतला. शेवटी तिघेच उरले : वेगेनर, ल्यॉवे आणि रासमुस विलुमसेन हा ग्रीनलंडचा तरुण. उणे ५० अंशांखालची थंडी. ४० दिवसांनी, ३० ऑक्टोबरला ते केंद्रावर पोचले. तेव्हा जवळचे सामान जवळपास संपले होते. तिकडे गेओर्गी आणि झोर्गे यांनी बर्फात गुहा खोदून तिथेच हिवाळा काढायचे ठरवले होते.

ल्यॉवे यांच्या पायाची बोटे गोठली होती, ती पुढे खिशातल्या चाकूने कापावी लागली. त्यांना तिथेच ठेवावे लागले. पाच जणांना पुरेल एवढे अन्न नव्हते. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विलुमसेनला घेऊन परत निघाले. ते किनाऱ्यावर पोचलेच नाहीत.

मे १९३१ मध्ये शोध घेणाऱ्यांना निम्म्या वाटेवर बर्फात उभ्या रोवलेल्या स्की दिसल्या. त्याखाली वेगेनर यांचा देह नीट शिवून, गुंडाळून पुरलेला होता. अतिश्रमाने हृदय बंद पडले असावे. हे सगळे विलुमसेनने एकट्याने केले होते. तो स्वतः मात्र पुढे कुठे गेला, हे कधीच कळले नाही. वेगेनर यांची गोष्ट सांगताना रासमुस विलुमसेनचे नाव विसरू नका. उरलेली मोहीम बंधू कुर्ट यांनी पूर्ण केली. बर्फाची जाडी अडीच किलोमीटरहून जास्त असल्याचे मोजले गेले.

उत्तर सापडले

आपण बरोबर होतो, हे वेगेनर यांना कधीच कळले नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत मेरी थार्प यांनी अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढला. त्यात मधोमध पर्वतरांग आणि तिच्यात लांबच लांब दरी दिसली. भूखंड सरकण्याच्या कल्पनेशी ते फारच जुळत होते, म्हणून सहकाऱ्याने आधी त्यांचेही म्हणणे उडवून लावले! नंतर समजले, की त्या दरीतून नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भूपट्ट सिद्धांत मान्य झाला. पृथ्वीच्या आतल्या उष्णतेमुळे भूपट्ट हलतात. अटलांटिक वर्षाला सुमारे अडीच सेंटीमीटर रुंदावतो, साधारण आपली नखे वाढतात तेवढाच. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो, म्हणून तर हिमालय अजून उंचावतो आहे.

आज हे मोजायला जीव धोक्यात घालावा लागत नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह सोडण्यात आला. जमिनीची सेंटीमीटरभर हालचाल आणि ग्रीनलंडसारख्या बर्फाचे बदल तो अवकाशातून टिपतो. वेगेनर यांची दोन्ही कामे एकाच उपग्रहात! या मोहिमांत पुढे काम करणारी मुले आज कुठल्या तरी चौथीच्या वर्गातच बसली आहेत.

वर्गात काय करता येईल?

१. जगाच्या नकाशाची झेरॉक्स काढून खंड कापायला द्या आणि जुळवायला सांगा. कडा तंतोतंत बसणार नाहीत. का बसत नाहीत, ते मुलांनाच शोधू द्या. (खरी कड किनाऱ्यावर नसून पाण्याखाली, उथळ भाग संपतो तिथे असते.)

२. परातीत मैदा पसरा, वर हळदीचा पातळ थर द्या. वेगवेगळ्या उंचीवरून गोटी टाका. खड्ड्याची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहायला लावा.

ती मुलगी आता पाचवीत आहे. मी तिला बोलावून सांगितलं, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक होतं. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला : मग सगळे खंड परत एकत्र येतील का? या वेळी मी योगायोग म्हटलं नाही. आम्ही दोघी मिळून नकाशा घेऊन बसलो.

आपल्या वर्गातले असे प्रश्न जरूर लिहून ठेवा.