विश्लेषण : तोफा वितळवून नांगर! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना कसा उभारला?

जुन्या पिकअपची गोलाकार बॉडी काढायची, पत्रा ठोकून सरळ करायचा आणि ती आजच्या गाडीच्या चासीवर चढवायची, असे व्हिडीओ सध्या मोबाइलवर हमखास दिसतात. काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा तिचे कौतुक देशभर झाले. जुन्या लोखंडाला नवे काम लावण्याची ही खोड या भागाला नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी याच भागात एका माणसाने तोफा वितळवून नांगर केले होते. त्यांचे नाव लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर.

आधी गाडीचे पाहू. बॉडी बदलणे सोपे वाटते, पण दोन्ही चासींचा व्हीलबेस क्वचितच जुळतो. बॉडीचे बोल्ट बसायच्या जागा नव्याने कराव्या लागतात, स्टिअरिंगचा दांडा पुन्हा जुळवावा लागतो. त्यातही शिडीसारखी वेगळी चासी असलेल्या गाडीवरच हे जमते. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी आणि सांगाडा एकच असतो. कायद्याची अडचण तर त्याहून मोठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे हौसेने बनवलेली गाडी पुष्कळदा अंगणातच उभी राहते.

लक्ष्मणरावांच्या वाटेत आरटीओ नव्हते. बाकी अडचणी मात्र भरपूर होत्या.

रंग दिसेनात, म्हणून यंत्रे

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेत मन रमेना. ओढा चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. वडिलांना हा मार्ग पसंत नव्हता, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता असणार? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे शिकले ते पुस्तके वाचून आणि यंत्रे उघडून, पुन्हा जोडून.

बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तिथे भावांचे सायकलचे दुकान आधीपासून होतेच. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव १८८८ पासूनचे, त्याच दुकानाच्या पाटीवरचे. पुढे देशभर गेलेल्या उद्योगसमूहाची सुरुवात सायकली विकण्यापासून आणि लोकांना त्या चालवायला शिकवण्यापासून झाली, हे अनेकांना आजही ठाऊक नसते.

नांगर घेईना कोणी

दुकानाच्या जोडीने छोटी कार्यशाळा सुरू झाली. पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. त्यानंतर लोखंडी नांगर. परदेशी लोखंडी नांगर तेव्हा बाजारात येत होते; तो नमुना समोर ठेवून इथल्या बैलांना आणि इथल्या जमिनीला झेपेल असा नांगर करायचा, हा बेत होता. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याचे अंग यांची सांधेजोड. ती कागदावर जमली, भट्टीत जमली, पण शेतकऱ्याच्या मनात जमेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, पीक जळते, असा समज पक्का होता. लाकडी नांगरावर पिढ्या गेल्या होत्या. पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली.

इथे शेतकऱ्याला हसू नये. ज्याचे सगळे वर्ष एका पेरणीवर अवलंबून, तो विक्रेत्याच्या शब्दावर जमीन पणाला कशी लावेल? नांगर प्रत्यक्ष शेतात चाललेला पाहिल्यावरच मागणी आली.

जम बसतोय तोच नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती आणि कारखान्याची जागा त्यात जात होती. जागा सोडा, असा हुकूम झाला. चालता कारखाना, ओतशाळा, कामगार आणि कुटुंबे घेऊन जायचे कुठे?

कुंडल रोडचे माळरान

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी त्यांचे नाव आज अधिक घेतले जाते, पण या भागातल्या कारखानदारीवरही त्यांचे ऋण आहे. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी, जिथले ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोहोचले, तीही त्यांच्याच आश्रयाने उभी राहिली. त्यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळ सुमारे ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि ही जमीन सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानाचे तुकडे होते.

मार्च १९१० मध्ये मंडळी तिथे पोहोचली. समोर निवडुंग, दगड आणि साप. पाण्याची वानवा. जमेची बाजू एकच, ती म्हणजे रेल्वे. ओतीव लोखंड आणि कोळसा आणायचा, तयार नांगर पाठवायचे, तर स्टेशन दाराशी असणे सोन्यासारखे. रामूअण्णांनी वस्ती उभारण्याचा भार उचलला, शंभूराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणीचे काम दिले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम केला. १९१० च्या आसपास एका खासगी कारखान्याच्या गावात हा नियम लागू करणे किती अवघड असेल, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

तोफा भट्टीत गेल्या

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगर येणे थांबले आणि किर्लोस्कर नांगराला एकाएकी मागणी आली. पण जे जहाज नांगर आणत नव्हते, ते ओतीव लोखंडही आणत नव्हते. कोळसाही मिळेना. मागणी दारात, माल नाही, अशी कोंडी झाली.

तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा देऊ केल्या. ही नुसती भावनेची गोष्ट नव्हती, तिच्यामागे धातूचे गणित होते. जुन्या ओतीव तोफेचे लोखंड आणि नांगराचे ओतकाम यांची जात एकच. भारी नव्या पोलादापेक्षा ते कमी तापमानाला, साधारण १,२०० अंश सेल्सिअसला, वितळते आणि वाळूच्या साच्यात सहज पसरते. ओतशाळेतल्या उभ्या भट्टीत इंधनाचा थर, लोखंडाचा थर आणि मळी काढायला चुनखडी असे भरून खालून वारा देतात. वितळलेला रस तळाच्या तोंडातून बाहेर काढतात. फक्त तोफ अख्खी भट्टीत जात नाही, ती आधी फोडावी लागते, आणि ते काम हातोड्याचे नाही, घामाचे आहे. कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरला गेला. त्याची आच राखणे कठीण, पण त्यात गंधक कमी असल्याने ओतीव लोखंडाला तो बाधत नाही.

ज्या तोफा कधीकाळी किल्ल्यांच्या रक्षणासाठी ओतल्या, त्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात नांगर बनून उतरल्या.

पंप, राख आणि पुन्हा भट्टी

१९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून नावाजले. १९२६ मध्ये वाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. नांगराने जमीन उलटली होती, आता विहिरीतले पाणी वर येणार होते. अमेरिकेत शिकून आलेले थोरले पुत्र शंतनुराव हळूहळू कारभार पाहू लागले. पुढे हरिहरला लेथ, बंगळुरूला विजेची यंत्रे, पुण्यात डिझेल इंजिने असा विस्तार झाला.

मग १९४८ उजाडले. महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. माळ तोडून, तोफा फोडून उभे केलेले ३८ वर्षांचे काम जळाले. विशेष म्हणजे वाडी सोडून जाण्याचा मार्ग मोकळा असताना कारखाना तिथेच पुन्हा उभा राहिला.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. पुणे-मिरज मार्गावर जाताना पूर्वीच्या कुंडल रोडची पाटी आता दिसत नाही. स्टेशनचे नाव किर्लोस्करवाडी आहे.